बीएमआय २२.३: एकाच आकड्याचे दोन डॉक्टर

१० जानेवारी २००४ च्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात जेमतेम काही ओळींचं एक टिपण छापून आलं. सोबत दोन माणसांचा फोटो होता, आणि ती दोन माणसं म्हणजे टिपणाचे लेखकच. उजवीकडे पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक, डावीकडे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे बीएमआय, एकच: २२.३. कुठल्याही तक्त्यात बघा, हा आकडा 'नॉर्मल'च्या रकान्यात पडतो. पण शरीरातली चरबी मोजणारं डेक्सा स्कॅन केल्यावर युडकिन यांच्या शरीरात चरबी निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के, म्हणजे दुपटीहून जास्त. दोघांच्या आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे प्रकरण 'वाय-वाय पॅराडॉक्स' म्हणून ओळखलं जातं.

(साखरेविरुद्ध आयुष्यभर बोलत राहिलेले जॉन युडकिन वेगळे. ते १९९५ सालीच गेले. नावं सारखी असल्यामुळे इंटरनेटवर दोघांची सर्रास गल्लत होते.)

पोटाच्या चरबीचा अभ्यास करायला हे प्रकरण घेण्याचं कारण साधं आहे. आपल्याकडे वजनाची तक्रार घेऊन माणूस डॉक्टरकडे जातो, पण पोटाची तक्रार घेऊन क्वचितच जातो. हातपाय काटकुळे, चेहरा निवळलेला, वजन पासष्टच्या आतबाहेर आणि शर्टाची खालची दोन बटणं ताणलेली, असा पुरुष प्रत्येक सोसायटीत आणि प्रत्येक बँकेच्या काउंटरमागे सापडेल. 'जाड कुठे आहे तो, जरा पोट सुटलंय एवढंच,' असं घरचे म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. 'लॅन्सेट'मधल्या त्या टिपणाने बोट ठेवलं ते या 'एवढंच'वर.

आकड्याच्या आत काय होतं

बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. हे गणित मांडलं बेल्जियमच्या अदोल्फ केतले यांनी १८३२ च्या सुमारास. ते डॉक्टर नव्हते, खगोल आणि संख्याशास्त्राचे माणूस होते. 'सरासरी माणूस' कसा असतो हे त्यांना शोधायचं होतं. त्याला बॉडी मास इंडेक्स हे नाव अमेरिकेच्या अँसेल कीज यांनी १९७२ मध्ये दिलं, तेही मोठ्या लोकसमूहांच्या तुलनेसाठी सोयीचं माप म्हणून. एकेका माणसाच्या तब्येतीचा दाखला द्यायला ते बनलेलंच नव्हतं. पण काटा आणि उंचीची पट्टी सगळीकडे असते, म्हणून विम्याच्या फॉर्मपासून शाळेच्या तपासणीपर्यंत तेच रूढ झालं.

समजायला सोपं जावं म्हणून धरून चालू की दोघांची उंची १७० सेंटिमीटर आहे (ही उंची उदाहरणापुरती). बीएमआय २२.३ म्हणजे वजन साधारण ६४.४ किलो. त्याचे ९.१ टक्के म्हणजे सहा किलोला थोडी कमी चरबी, आणि २१.२ टक्के म्हणजे पावणेचौदा किलोच्या आसपास. काट्यावर दोघं तंतोतंत सारखे, पण एकाच्या अंगावर जवळजवळ आठ किलो चरबी जास्त आणि तितकंच स्नायू, हाड, अवयव असं बाकीचं शरीर कमी. या दुसऱ्या भागाकडे सहसा लक्ष जात नाही. जेवणानंतर इन्सुलिनच्या हुकमाने रक्तातली साखर सर्वांत जास्त शोषून घेतात ते स्नायू. म्हणजे चरबी जास्त हे जितकं महत्त्वाचं, तितकंच साखर खपवणारं गिऱ्हाईक कमी हेही.

कारणं कोणती

टिपणात लेखकांनी तीन शक्यता मांडल्या आहेत, त्याही मिश्कीलपणे. पहिली, जीवनशैली. युडकिन मॅरेथॉन धावणारे. याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत ती गाठण्यासाठीची धाव. दुसरी, जनुकं. त्यांचा वाटा किती, हे ठरायचं आहे असं म्हणून ते पुढे जातात. तिसरी शक्यता याज्ञिकांच्या जन्मवेळच्या कमी वजनाची, म्हणजे आईच्या पोटात असताना झालेल्या कुपोषणाची.

पहिलं कारण खोटं नाही, पण माझ्या मते सर्वांत कमी बोलकं आहे. आपण मात्र तिथेच थांबतो, कारण त्यात आळशी माणसाला बोल लावता येतो. मॅरेथॉन धावणारा बारीक असणार, यात विशेष काय? खरं वजन आहे तिसऱ्या कारणात, आणि त्यामागे पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांतलं वर्षानुवर्षांचं काम आहे.

१९९३ मध्ये याज्ञिक आणि इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या डॉ. कॅरोलिन फॉल यांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा गावांत एक अभ्यास सुरू केला. गरोदर राहण्याच्या आधीपासून बायकांची उंची, वजन, आहार आणि कामाचा भार नोंदवायचा आणि नंतर जन्मणारं मूल मोजायचं. या बायका अंगाने किरकोळ, सरासरी बीएमआय १८ च्या आसपास. शेतात राबणाऱ्या, पाणी भरणाऱ्या. त्यांच्या बाळांचं सरासरी वजन भरलं २.७ किलो, साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. इथवर अपेक्षितच होतं. पण कॅलिपरने खांद्याच्या पात्याखालची कातडी चिमटीत धरून जाडी मोजली, तेव्हा निराळंच दिसलं. वजन, दंडाचा घेर, पोटाचा घेर सगळं इंग्लंडच्या बाळांहून बरंच कमी, पण पात्याखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. पावणेतीन किलोच्या बाळाने स्नायू आणि पोटातले अवयव यांत काटकसर केली होती, चरबीत नाही. २००३ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि 'थिन-फॅट इंडियन बेबी' हा शब्दप्रयोग जगभरच्या वैद्यकीय परिषदांत पोचला.

त्या मोजणीतला पोटाचा घेर लहान होता हे मुद्दाम लक्षात ठेवायला हवं, कारण नवजात बाळाच्या पोटाचा घेर मुख्यतः यकृतासारख्या अवयवांचा असतो. आतली चरबी टेपने कळत नाही. ती कळली २००९ मध्ये, जेव्हा लंडनच्या डॉ. नीना मोदी आणि पुण्याचा गट यांनी नवजात बाळांचे एमआरआय काढले. पुण्याची बाळं वजनाने लहान, तरीही पोटाच्या आतली चरबी लंडनच्या गोऱ्या बाळांपेक्षा जास्त. वडापाव, लिफ्ट, टीव्ही यांतलं काहीही अजून आयुष्यात आलेलं नसताना!

हीच मुलं मोठी झाली. अठराव्या वर्षी त्यांची साखर तपासली तेव्हा सुमारे ३७ टक्के मुलग्यांत आणि १८ टक्के मुलींत ती वाढलेली निघाली, बहुतेकांच्या बाबतीत मधुमेहाच्या उंबरठ्यावरची. अंगाने मात्र ही सगळी सडपातळ. त्यांना कुणी लठ्ठ म्हणालं असतं तर गावात हसू झालं असतं.

चरबी किती, यापेक्षा कुठे

आता याज्ञिक-युडकिन प्रकरणाची मर्यादा. तिथे झालेली डेक्सा तपासणी हे एक हलक्या क्ष-किरणांचं स्कॅन आहे. शरीरात चरबी किती, हाड किती, बाकीचं किती हे ती सांगते. पण कातडीखालची चरबी कुठली आणि आतड्यांभोवतीची कुठली, हे थेट पाहायला सीटी स्कॅन किंवा एमआरआय लागतो. शिवाय दोन माणसांचा फोटो हे दोन माणसांचंच उदाहरण. त्यावरून अख्ख्या समाजाबद्दल निष्कर्ष काढता येत नाही. लेखकांनीही तो काढलेला नाही; बीएमआयची मर्यादा दाखवणं एवढाच त्यांचा दावा आहे. 'कुठे' या प्रश्नाचं उत्तर इतरांकडून घ्यावं लागतं.

ते उत्तर जुनं आहे. मार्सेलचे डॉ. जाँ व्हाग यांनी १९४७ मध्येच लिहून ठेवलं होतं की मांड्या आणि नितंबांवर चरबी साठणाऱ्यांपेक्षा धडावर, पोटावर साठणाऱ्यांना मधुमेह आणि हृदयरोग जास्त गाठतात. तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. १९८४ मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्ग शहरातून पुरावा आला. १९१३ साली जन्मलेल्या ७९२ पुरुषांची मापं ५४व्या वर्षी घेऊन १३ वर्षं त्यांचा माग ठेवला होता. कंबर आणि नितंबांच्या घेराचं गुणोत्तर जितकं मोठं, तितका पक्षाघात आणि हृदयविकाराचा धोका मोठा. नुसता बीएमआय तसा धोका दाखवत नव्हता.

पोटावरची चिमटीत येणारी वळी आणि पोटाच्या आतली चरबी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आतली चरबी आतड्यांना धरून ठेवणाऱ्या पडद्यांवर आणि पोटातल्या अवयवांपुढे लोंबणाऱ्या चरबीच्या पदरावर साठते. तिथून निघणारं रक्त थेट पोर्टल शिरेवाटे यकृतात जातं. या पेशी चटकन विरघळणाऱ्या, इन्सुलिनला फारशा न जुमानणाऱ्या. त्यांतून सुटलेली मेदाम्लं यकृतावर जाऊन आदळतात. यकृत काही चरबी स्वतःत साठवतं (सोनोग्राफीच्या रिपोर्टवर 'ग्रेड वन फॅटी लिव्हर' असं दिसतं ते हेच), काही ट्रायग्लिसराइडच्या रूपाने रक्तात सोडतं, आणि उपाशीपोटीही साखर बनवत राहतं. ट्रायग्लिसराइड वर आणि एचडीएल, म्हणजे 'चांगलं' कोलेस्टेरॉल, खाली, ही जोडी आपल्याकडच्या रक्ततपासण्यांत इतकी नेहमीची आहे की लॅबवालेही तिच्याकडे दुसऱ्यांदा बघत नाहीत. शिवाय फुगलेल्या चरबीत दाहपेशी शिरतात, दाह वाढवणारी रसायनं रक्तात उतरतात आणि अॅडिपोनेक्टिन हे उपयोगी संप्रेरक घटतं. इथून पुढे इन्सुलिनचा जोर कमी पडणं, रक्तदाब चढणं, रक्तवाहिन्या कडक होणं ही एकमेकांत गुंतलेली लक्षणं. १९८८ मध्ये अमेरिकेच्या जेराल्ड रीव्हन यांनी इन्सुलिनला दाद न देणं हे मूळ धरून अशा विकारांची एक मोळी बांधली. मजा म्हणजे त्यांच्या मूळ यादीत सुटलेलं पोट नव्हतंच. ते नंतर घातलं गेलं.

मग भारतीयांत ही चरबी आतच का जाते? एक पटण्याजोगं स्पष्टीकरण असं की कातडीखालचा, विशेषतः मांड्या आणि नितंबांचा साठा हा सुरक्षित साठा आहे, आणि आपल्याकडे तो मुळात लहान असावा. घराचा माळा लहान असला की सामान लवकरच जिन्यात आणि स्वयंपाकघरात येतं. तशी उरलेली चरबी पोटात, यकृतात, स्नायूंत घुसते. गोऱ्या माणसाला जे ३० बीएमआयला होतं, ते आपल्याला त्याच्या कितीतरी आधी होतं. इंग्लंडमधल्या सुमारे १५ लाख लोकांच्या नोंदींवरून २०२१ मध्ये हे मोजलं गेलं: गोऱ्यांना ३० बीएमआयला मधुमेहाचा जेवढा धोका, तेवढाच दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांना २३.९ ला. लंडन-लेस्टरला स्थायिक झालेल्या मराठी माणसालाही हे तितकंच लागू.

या सगळ्यात पोट शस्त्रक्रियेने उपसून काढलं तर? हा प्रयोगही 'लॅन्सेट'मधल्या टिपणाच्याच वर्षी, २००४ मध्ये, अमेरिकेत प्रसिद्ध झाला. १५ लठ्ठ बायकांच्या पोटावरून लायपोसक्शनने सुमारे दहा-दहा किलो चरबी काढली. अडीच-तीन महिन्यांनी तपासलं तर इन्सुलिनचा परिणाम, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांत दखल घेण्याजोगा फरक नव्हता. कारण उघड आहे: नळीने निघाली ती कातडीखालची चरबी. आतली जागच्या जागी राहिली. पोटाचं 'बॉडी शेपिंग' करून देणाऱ्या क्लिनिकच्या जाहिराती वाचताना हे १५ जणींचं उदाहरण आठवलं तर लाखभर रुपये वाचतील.

काय बदललं

'लॅन्सेट'मध्येच २००४ च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाची शिफारसही आली: आशियाई लोकसमूहांसाठी बीएमआय २३ पासूनच सावध व्हावं. भारतातल्या तज्ज्ञांनी २००९ मध्ये २३ ला जादा वजन आणि २५ ला लठ्ठपणा अशी रेषा ओढली, आणि कंबरेसाठी पुरुषांना ९० व स्त्रियांना ८० सेंटिमीटर. या नव्या रेषेनेही याज्ञिकांचे २२.३ 'नॉर्मल'च राहतात, हे ध्यानात घ्या. रेषा कितीही खाली ओढली तरी काट्याला चरबी दिसत नाही. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या 'लॅन्सेट'च्या आंतरराष्ट्रीय आयोगानेही म्हणूनच सांगितलं की लठ्ठपणाचं निदान नुसत्या बीएमआयवर करू नये, कंबरेसारखं आणखी एखादं माप घ्यावं.

देशाच्या पातळीवर २०२३ चा आयसीएमआर-इंडियाब अहवाल (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मधुमेह पाहणीचा) बघावा. पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्के प्रौढांत. बीएमआयवरून ठरणारा त्याहून बराच कमी. मधुमेह ११.४ टक्के आणि त्याच्या उंबरठ्यावर १५.३ टक्के. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत कंबर पहिल्यांदाच मोजली गेली, तेव्हा स्त्रियांत ४० टक्के आणि पुरुषांत १२ टक्के जणांची कंबर मर्यादेपलीकडे निघाली. पुरुषांच्या ढेरीवर विनोद होतात आणि बायकांचं पोट 'बाळंतपणानंतरचं' म्हणून सोडून दिलं जातं. पाळी थांबल्यावर चरबीचा ओघ मांड्यांकडून पोटाकडे वळतो, हे तर फारच थोड्या जणींना कुणी सांगितलेलं असतं.

मोजायचं कसं

पॅन्टचा नंबर म्हणजे कंबर नव्हे. इथे बहुतेक पुरुष फसतात. पोट जसजसं पुढे येतं तसतसा पट्टा त्याच्याखाली घसरतो, आणि माणूस दहा वर्षं त्याच ३४ नंबरच्या पॅन्टमध्ये सुखाने राहतो. परकराच्या नाडीचंही तेच. तीही पोटाखालीच बांधली जाते.

कुशीत बोट दाबून शेवटची बरगडी शोधायची, मग खाली खुब्याच्या हाडाचा वरचा काठ. दोन्हींच्या बरोबर मध्ये पेनाने खूण करायची. टेप तिथून सरळ आडवा फिरवायचा. पाठीकडे तो हमखास खाली झुकतो, म्हणून दुसऱ्या कुणाला बघायला सांगावं. कपडा बाजूला, पाय जरा फाकवून, हात सैल. नेहमीसारखा श्वास सोडून झाला की आकडा वाचायचा. पोट आत ओढून घेतलेला आकडा फक्त स्वतःला बरं वाटण्यापुरता. कुठलाही तक्ता हाताशी नसेल तर कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, हा सोपा नियम ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०२२ पासून मान्य केला आहे. १६४ सेंटिमीटर उंची असेल तर ८२.

आकडा जास्त निघाला तर लगेच जमिनीवर पडून सिट-अप सुरू करायचे नाहीत, म्हणजे करा हवं तर, पण वेगळ्या कारणासाठी. १९८४ मध्ये अमेरिकेत काही तरुणांनी २७ दिवसांत प्रत्येकी ५००४ सिट-अप काढले होते. आधी-नंतर पोट, पाठ आणि नितंब अशा तीन जागांच्या चरबीचे नमुने घेतले, तर पोटावरच्या चरबीपेशी बाकी दोन जागांपेक्षा जास्त लहान झालेल्या नव्हत्या. स्नायू जिथे वापरतो तिथलीच चरबी जळते असं नसतं. उलट दिलासा असा की वजन पाच-दहा टक्के उतरलं तरी आतली चरबी त्या प्रमाणापेक्षा जास्त उतरते, आणि भराभर चालण्याने तर वजन जागच्या जागी असतानाही ती कमी होऊ शकते. ज्यांचे स्नायूच कमी आहेत, त्यांनी निव्वळ उपास करून वजन उतरवलं तर असलेले स्नायूही जातात. म्हणून याज्ञिकांसारख्या चणीच्या माणसाला वजनं उचलण्याचा व्यायाम आणि ताटात पुरेशी डाळ, उसळ, दही, अंडी हे पोळी-भाताच्या हिशेबाआधी बघावं लागतं.

याला आपल्याकडचा आधार आहे चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाच्या प्रयोगाचा. मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे ५३१ जण, २००६ मध्ये निकाल. ज्यांना नुसता नेहमीचा सल्ला मिळाला त्यांच्यातल्या ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला; ज्यांना आहार आणि चालण्याबद्दल वारंवार मार्गदर्शन मिळालं त्यांच्यात ३९.३ टक्के. आणि या दुसऱ्या गटाचं सरासरी वजन कमी झालेलंच नव्हतं. तेव्हा तीन महिने चालून काटा तिथेच राहिला म्हणून चालणं सोडायचं कारण नाही. त्या दिवशी कंबर, ट्रायग्लिसराइड आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) हे तीन आकडे जुन्या रिपोर्टशेजारी ठेवून बघावेत.